नाक चोंदलंय? आमच्या घरात खरंच उपयोगी पडलेलं सगळं लिहून ठेवतेय

दिवाळी झाली की पंधरा दिवसांच्या आत माझं नाक चोंदतं, गेली बारा-तेरा वर्षं हे ठरलेलंच आहे. पुण्यात सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा असे दिवस सुरू होतात, हवेत धूळ असते, उरलेला फटाक्यांचा धूर असतो आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं काँग्रेस गवत माजलेलं असतं. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच मुळी पुण्यात, १९५० च्या दशकात, आणि त्याच्या परागकणांनी कितीतरी जणांना नाकाचा, त्वचेचा त्रास होतो. मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन इकडे आले. तिकडे असताना सर्दी व्हायची पण चार-पाच दिवसांत जायची, हे असं महिना महिना नाक बंद राहणं काय असतं ते मला पुण्यात आल्यावर कळलं.

ज्यांना हा त्रास नाही त्यांना वाटतं नाकच तर बंद आहे, त्यात काय एवढं. पण रात्री तीन वाजता घसा कोरडा ठाक पडून जाग येते, तोंड उघडं टाकून झोपलेलं असतं, पाणी प्यायचं, या कुशीवर वळायचं, त्या कुशीवर वळायचं, सकाळी उठावं तर डोकं जड, चहाला वास नाही, आमटीला चव नाही, आणि दिवसभर ऑफिसात फोनवर बोलताना समोरचा विचारतो काय हो, रडताय का. झोप नाही म्हणून चिडचिड होते आणि ती नेमकी घरातल्यांवर निघते. म्हणून हे सगळं नीट लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण आमच्याकडे आजीपासून सासऱ्यांपर्यंत प्रत्येकाचा काही ना काही उपाय आहे आणि त्यातलं काय खरंच चालतं, काय नुसतं बरं वाटतं आणि काय अजिबात करू नये हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. चार वर्षांपूर्वी अशाच नोव्हेंबरमध्ये मी मेडिकलमधून नाकात घालायचे ड्रॉप्स आणले. दोन थेंब टाकले आणि पाच मिनिटांत नाक असं मोकळं झालं की मला खरंच रडू आलं. मग रोज रात्री टाकायला लागले, मग सकाळीही, मग दुपारी ऑफिसात, पर्समध्ये एक बाटली, उशीखाली एक, अशा जवळजवळ दहा आठवडे. शेवटी शेवटी तर दोन-तीन तासांच्या वर नाक उघडं राहायचंच नाही आणि बाटली संपत आली की मला धडधडायला लागायचं. तेव्हा नवरा जबरदस्तीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी आत बारीक दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, ताई, तुमच्या नाकात शेंबूड फारसा नाहीच आहे, सगळी सूज आहे.

या एका वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोपर्यंत मला वाटायचं की नाक बंद म्हणजे आत काहीतरी अडकलंय आणि ते जोर लावून बाहेर काढायचं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक नाकपुडीच्या आत बाजूच्या भिंतीला तीन हाडांच्या पट्ट्या असतात, शेल्फच्या फळ्यांसारख्या, आणि त्यांच्यावर जे मऊ आवरण असतं ते रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं असतं, अगदी स्पंजसारखं. बाहेरची हवा गरम करायची, ओली करायची हे त्याचं काम. सर्दीचा विषाणू आला किंवा ॲलर्जी झाली की त्या रक्तवाहिन्या फुगतात, स्पंज फुगतो आणि हवा जायची वाटच अरुंद होते. म्हणून कितीही शिंकरलं तरी काही बाहेर येत नाही, आणि दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं की कानात दडे बसतात ते वेगळंच. आता मी एक बाजू बोटाने बंद करून दुसऱ्या बाजूने हळू शिंकरते, मुलालाही तसंच शिकवलंय.

अजून एक गोष्ट तेव्हाच कळली आणि मला ती फार आवडली. आपल्या दोन नाकपुड्या निरोगी असतानाही एकसारख्या चालत नाहीत, काही तास डावी जास्त मोकळी असते, मग हळूहळू उजवी. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये हे लिहून ठेवलं होतं, आणि आपल्याकडे स्वरशास्त्रात, म्हणजे श्वासाच्या जुन्या शास्त्रात, चंद्रनाडी आणि सूर्यनाडी म्हणतात ते हेच, कधी डावा स्वर चालतो कधी उजवा. एरवी आपल्याला याचा पत्ताही लागत नाही, पण सूज असली की ज्या बाजूची पाळी फुगायची असते ती पूर्णच बंद होते. आणि आडवं पडलं की डोक्याकडे रक्त जास्त राहतं म्हणून दोन्हीकडची सूज वाढते. त्यामुळे दिवसा बरं असलेलं नाक रात्री अंथरुणावर पाठ टेकली रे टेकली की बंद होतं ते काही मनाचे खेळ नसतात.

तर ते ड्रॉप्स. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन असली नावं असतात त्यांची, रक्तवाहिन्या आवळतात म्हणून चटकन वाट मोकळी होते. पण तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की असर उतरल्यावर सूज आधीपेक्षा जास्त येते, मग परत थेंब, मग परत सूज, असं ते चक्र. मला दुकानात कोणी हे सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सोडवायची पद्धत डॉक्टरांनी सांगितली ती अशी की आधी एकाच नाकपुडीत बंद करायचं, दुसरीत चालू ठेवायचं म्हणजे निदान एका बाजूने झोप लागते, पहिली बाजू आपली आपण मोकळी राहायला लागली की मग दुसरीतही बंद. त्यांनी सूज कमी करायचा वेगळा स्प्रेही दिला होता, तोही मी वापरला, सगळं घरगुती उपायांनीच झालं असं खोटं सांगणार नाही. पण त्या तीन आठवड्यांत मला खरा हात दिला तो मिठाच्या पाण्याने.

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी लोणावळ्याला योगाचा वर्ग करून आले होते. लोणावळ्याचं कैवल्यधाम माहीत असेलच, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेलं, योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने बघायची सुरुवात तिथेच झाली. नेती ही हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक. बाबांकडे अजून ते पितळेचं नळीवालं भांडं आहे, दर रविवारी ते न चुकता जलनेती करतात आणि मी लग्न होऊन आल्यापासून ते बघून तोंड फिरवत होते, नाकातून पाणी घालायचं ही कल्पनाच मला सहन व्हायची नाही. लहानपणी वाशिष्ठीत पोहताना नाकात पाणी गेल्यावर कपाळात जी झणझण उठायची ती मला चांगली आठवत होती.

पहिल्या दिवशी बाबा बाथरूमच्या दाराशी उभे राहिले आणि मी बेसिनवर वाकले. घाबरू नकोस गं, तोंडाने श्वास घेत राहा, आ करून ठेव, एवढंच सांगत होते. मान एका बाजूला कलवायची, वरच्या नाकपुडीला भांड्याची नळी लावायची आणि थांबायचं. आधी काहीच होत नाही, नुसतं कोमट काहीतरी आत भरल्यासारखं वाटतं, मग नाकाच्या मागे कुठेतरी हलकी गुदगुली होते आणि एकदम खालच्या नाकपुडीतून थेंब, थेंब, आणि मग बारीक धार. जळजळ अजिबात नाही! हे सगळं मिठाचं काम आहे. आपल्या शरीरातल्या द्रवांचा खारटपणा ०.९ टक्के मिठाच्या पाण्याएवढा असतो, साधं पाणी गेलं तर नाकाच्या आतल्या पेशी ते पाणी ओढून घेतात आणि झणझणतं, बरोबर तेवढंच खारट पाणी गेलं तर नाकाला कळतसुद्धा नाही. म्हणजे अर्धा लिटर पाण्याला साधारण साडेचार ग्रॅम मीठ, आमच्या घरच्या मोजायच्या छोट्या चमच्याने सपाट पाऊण चमचा. बाबा चव घेऊन ठरवतात, अश्रूंइतकं खारट हवं म्हणतात, आणि खरंच वजन करून बघितलं तर त्यांचा अंदाज जवळजवळ बरोबर असतो.

झालं की पुढे वाकायचं, मान खाली, आणि दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके हलके उच्छ्वास टाकायचे म्हणजे आतलं पाणी निघून जातं. हे टाळलं तर तासाभराने ऑफिसात कुणासमोर तरी वाकल्यावर नाकातून एकदम पाणी गळतं. नाक पूर्ण ठप्प असेल, पाणी दुसरीकडून येतच नसेल किंवा कान दुखत असेल तर जोर लावायचा नाही, तेव्हा नुसते मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा फवारा बरा, मेडिकलमध्ये सलाईनचा स्प्रे मिळतो, त्यात औषध काही नसतं त्यामुळे सवय लागायची भीती नाही.

आता हे पुढचं कृपा करून नीट वाचा. पाणी उकळलेलंच हवं. नळाचं, टाकीतलं, विहिरीचं, कितीही स्वच्छ दिसत असलं तरी थेट नाकात घालायचं नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमिबा गोड्या पाण्यात असतो, तो पोटात गेला तर काही होत नाही पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि मग माणूस वाचणं फार कठीण. केरळमध्ये गेल्या काही वर्षांत असे पेशंट सापडले ते बातम्यांत आलंच होतं, आणि अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली दोन जण गेले ते नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळेच. हे फार क्वचित होतं पण ते टाळायला लागतं काय तर गॅसवर एक पातेलं. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळायचं, आम्ही पाच मिनिटं ठेवतो, झाकून कोमट होऊ द्यायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. भांडंही धुऊन पूर्ण वाळवून ठेवायचं. बाबा इतकी वर्षं फिल्टरचं पाणी घ्यायचे, मी त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हापासून तेही उकळूनच घेतात.

वाफेबद्दल माझं मत थोडं बदललंय. आमच्या घरी सर्दी म्हटलं की पहिला वाफारा, डोक्यावरून टॉवेल, खाली पातेलं, आत निलगिरीचे दोन थेंब. बरं वाटतं यात शंकाच नाही, घट्ट झालेलं सैल होतं, चेहऱ्याला ऊब मिळते, दहा मिनिटं शांत बसायला मिळतं. पण वाफेने सर्दी लवकर जाते असं काही अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही, आणि माझा अनुभवही तोच, टॉवेल काढल्यावर अर्ध्या तासात नाक होतं तिथे. मोठ्यांनी घ्यावी, मला काही हरकत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी आता अगदी कडक आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरी पाच वर्षांच्या मुलीला पलंगावर बसवून मांडीसमोर पातेलं ठेवलं होतं, तिने पाय हलवला आणि सगळं गरम पाणी मांड्यांवर. दीड महिना ड्रेसिंग चाललं त्या लेकराचं. तिची आई अजून त्याबद्दल बोलताना थांबते. सर्दीचं नाक आठवड्यात आपोआप उघडणारच असतं हो, त्यासाठी उकळतं पाणी मुलाच्या जवळ नेऊ नका. बाथरूमचं दार बंद करून गरम पाण्याचा शॉवर किंवा नळ सोडायचा आणि मुलाला कडेवर घेऊन त्या दमट खोलीत पाच-दहा मिनिटं बसायचं, तेवढं पुरतं.

आता ओव्याची पुरचुंडी. हा उपाय माझ्या सगळ्यात जवळचा आहे. चिपळूणला आमच्या आजीकडे एका डब्यात जुन्या धोतराचे धुऊन धुऊन मऊ झालेले चौकोनी तुकडे असायचे, फक्त याच कामासाठी. लोखंडी तव्यावर मूठभर ओवा टाकायचा, मंद आचेवर, आणि उलथन्याने हलवत राहायचं, आधी नुसतं गरम झाल्याचा वास येतो, मग ओवा तडतडायच्या जरा आधी तो खरा वास उठतो, डोळ्यांत जाणारा, पूर्ण स्वयंपाकघर भरून टाकणारा. त्या क्षणी तवा उतरवायचा, कापडात ओवा घ्यायचा, गाठ मारायची आणि आजी आधी स्वतःच्या मनगटावर आतल्या बाजूला टेकवून बघायची. मग डोळे मीट गो, म्हणायची आणि कपाळावर, नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या हाडाखाली एकेक करत शेकायची आणि मधून मधून नाकाशी धरायची. दोन-तीनदा तव्यावर परत गरम करून घ्यायची. झोपताना तीच पुरचुंडी उशीशी. मला अजून झोप लागताना कधी कधी तो वास आल्यासारखा वाटतो.

ओव्यात थायमॉल असतं, तो उग्रपणा त्याचा. पुदिन्यातला मेंथॉल, निलगिरी, कापूर ही सगळी त्याच धाटणीतली मंडळी. मेंथॉलवर तर बरेच प्रयोग झालेत आणि त्यात दिसलं ते असं की मेंथॉलने नाकातली वाट प्रत्यक्षात रुंद होत नाही, आतून जाणाऱ्या हवेचं मोजमाप तेवढंच राहतं, पण नाकातल्या ज्या मज्जातंतूंना गारवा कळतो ते जागे होतात आणि मेंदूला वाटतं की भरपूर गार हवा आत येतेय. हे वाचल्यावर माझा नवरा म्हणाला मग ही फसवणूकच झाली की. मला नाही तसं वाटत. रात्री दोन वाजता श्वास कोंडल्याची जी भीती वाटते ती जर त्या वासाने कमी होत असेल आणि झोप लागत असेल तर तो उपयोगच आहे ना, सूज काय ती आपल्या वेळेने उतरेल. फक्त बाम किंवा व्हिक्स नाकपुडीच्या आत बोटाने लावायचं नाही, छातीला, गळ्याला लावायचं, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. कापराचं तर फारच जपा, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, ओवा-कापराची पोटली बाळाच्या गळ्यात बांधायची पद्धत दिसते हल्ली, ती मला बिलकुल पटत नाही, बाळ सगळं तोंडातच घालतं.

गरम पातळ पदार्थांचं मात्र नशीब चांगलं आहे, आजीही त्याच्या बाजूने आणि डॉक्टरही. १९७८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, त्यात गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला चिकट द्रव जास्त वेगाने पुढे सरकतो असं मोजून दाखवलं होतं. २००८ मध्ये वेल्समध्ये कार्डिफला फळांच्या गरम सरबतावर प्रयोग झाला, त्यात नाकातून जाणारी हवा वाढली नाही पण वाहतं नाक, शिंका, खोकला, थकवा हे सगळं कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं, आणि तेच सरबत साध्या तापमानाला दिलं तेव्हा तेवढा फरक नव्हता. म्हणजे गरमपणाचंही काम आहे. आमच्याकडे सूप नाही, आमच्याकडे कुळथाची पिठी. सर्दी झालेल्या माणसाच्या ताटात गरम मऊ भात आणि त्यावर वाफाळती पिठी हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. गवती चहा, आलं, तुळशीची चार पानं घालून केलेला काढाही आम्ही घेतो, ज्येष्ठमधाची काडी असली तर ती घालतो, पण सात-आठ मसाले उकळून काळं कडू पाणी करायचं आणि दिवसातून चार वेळा प्यायचं हे मला मानवत नाही, करोनाच्या वेळी त्या तिखट काढ्यांनी आमच्या घरात दोघांना ॲसिडिटी झाली. काढ्यात मध घालत असाल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवू नका, मधामुळे बाळांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

झोपायची रीत बदलून मला खूप फरक पडला. एकाऐवजी दोन उश्या घेतल्या तर मान दुखते, त्यापेक्षा गादीच्या खाली डोक्याकडच्या बाजूला घडी केलेली सतरंजी सरकवायची म्हणजे पाठीपासूनच उतार येतो. आणि कुशीवर झोपताना जी बाजू वर असते ती नाकपुडी हळूहळू उघडते, खालची बंद होते, त्यामुळे उजवी बंद असेल तर डाव्या कुशीवर. यामागे काखेतल्या आणि बरगड्यांच्या बाजूच्या दाबाचाही भाग आहे. साधूंच्या हातात तो इंग्रजी टी सारखा लाकडी योगदंड बघितलाय ना, तो काखेत दाबून बसतात ते स्वर बदलण्यासाठी, ज्या काखेत दाब त्याच्या विरुद्ध बाजूची नाकपुडी मोकळी होते. मी रात्री बसल्या बसल्या मुठीएवढा गुंडाळलेला टॉवेल काखेत धरून बघितलाय, पाच-सात मिनिटांनी फरक जाणवतो. फार मोठा नाही, पण झोप लागण्याएवढा नक्की.

चालणं हाही उपायच आहे. भरभर दहा-पंधरा मिनिटं चाललं, जिने चढले-उतरले की शरीर आपण होऊन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, ड्रॉप्स करतात तेच काम, पण उलटून सूज न आणता. ताप असेल तर नाही करायचं अर्थात. माझं दुपारचं चोंदलेलं नाक ऑफिसच्या चार मजल्यांनी बऱ्याचदा उघडलंय.

धाकट्या बहिणीचं बाळ दोन महिन्यांचं असताना त्याला सर्दी झाली तेव्हा आम्ही सगळ्याच घाबरलो होतो. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, नाक बंद झालं की दूध ओढता ओढता सोडून देतात आणि रडतात, आणि आईला वाटतं दूधच कमी पडतंय. बालरोगतज्ज्ञांनी एवढंच सांगितलं की पाजायच्या पंधरा मिनिटं आधी सलाईनचा एकेक थेंब दोन्ही नाकपुड्यांत आणि मग आलेलं हळूच पुसून घ्यायचं. दुसऱ्या वेळीच बाळ पोटभर प्यायलं आणि बहीण शांत झोपली. घरात मोठ्या बायकांचा आग्रह होता की नाकात कोमट तेलाचा थेंब सोडू या. मी नाही सोडू दिला. तेल नाकातून घसरून फुफ्फुसात गेलं तर तिथे त्याने न्यूमोनिया होतो, बाळांना तर ठसकाही नीट लागत नाही. मोठ्यांनीही नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल सोडणं, करायचं असेल तर ते वैद्यांकडून, व्हिडिओ बघून नाही. तसंच लसणीची पाकळी नाकात घालून ठेवायची रील्स फिरतात, ती काढल्यावर जो शेंबूड वाहतो तो लसणीने आग झाल्यामुळे नाकाने नवा तयार केलेला असतो, आत साठलेला बाहेर आला असं नाही. हळकुंड जाळून धूर ओढायचा हेही आमच्याकडे करायचे. सुजलेल्या नाकाला धूर म्हणजे जखमेवर मीठ, माझ्या धाकट्या मामाला दमा होता आणि त्याला यानेच एकदा रात्रीत दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

आणि काही वेळा घरी थांबायचंच नाही. दहा दिवस झाले तरी उतार नाही, किंवा बरं वाटून परत ताप चढला, डोळ्याभोवती सूज आली, गालाचं हाड किंवा कपाळ ठणकायला लागलं, रक्त येतंय, नेहमी एकाच बाजूचं नाक बंद असतं, तर डॉक्टरांना दाखवा, हाड वाकडं असेल, आत कोंब वाढलेला असेल, ते मिठाच्या पाण्याने जाणार नाही. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं येत असेल तर बहुतेक वेळा आत मणी नाहीतर शेंगदाणा असतो, तो घरी काढायला जाऊ नका, अजून आत जातो. मूल रोजच तोंड उघडं ठेवून घोरत झोपत असेल तर नाकाच्या मागची गाठ, ॲडिनॉइड, वाढलेली असू शकते, तेही दाखवून घ्या.

पिठी कशी करतात हे मागच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं होतं ते राहूनच गेलं होतं. दोन मोठे चमचे कुळथाचं पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न राहता कालवून ठेवायचं. कढईत तेल, मोहरी, हिंग, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या चांगल्या लाल होऊ द्यायच्या, मग मिरची किंवा आमच्यासारखं लाल तिखट, त्यावर दोन वाट्या पाणी, मीठ, तीन आमसुलं. पाण्याला उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, थांबलात की गुठळ्या. पाच-सात मिनिटं रटरटू द्यायची, कच्चा वास गेला पाहिजे, ताटात घ्यायच्या आधी जरा पातळच वाटली पाहिजे कारण ती आळते. आज आमच्याकडे तीच आहे, मुलाचं नाक कालपासून वाहतंय आणि माझं उजवं बंद झालंय, बाबांनी आत्ताच गॅसवर नेतीचं पाणी उकळायला ठेवलंय.